म्हापशातली स्पीच थेरपी: होमवर्क आईबापालाच

मुलाच्या तोतरेपणासाठी आम्ही इथे येतो, चार स्टार देतेय. वेटिंगमध्ये बसलेले बरेच पालक कुरकुरत असतात की इथे मॅडम मुलांशी नुसत्या खेळत बसतात, जिभेचे व्यायाम नाहीत, मेणबत्ती फुंकणं नाही, मग पैसे कशाचे घेतात. अहो, तोतरेपणाला जिभेचे व्यायाम लागतच नाहीत! जीभ जड आहे म्हणून पोर अडखळतं असं नसतंच मुळी, बोलण्याची जुळवाजुळव मेंदूत होते तिथला तो फरक असतो आणि घराण्यात कुणाला असेल तर शक्यता वाढते. आमच्याकडे नवऱ्याच्या काकांना आहे, पण ते लग्नात कुणी सांगत नाही. मॅडमनी पहिल्याच दिवशी तेच विचारलं. सासूबाई वेखंड उगाळून जिभेला लावायच्या ते पण बंद करायला सांगितलं, त्यावरून घरी रुसवाफुगवी झाली ती वेगळी.

मुलगा चार वर्षांचा. सुरुवातीला प-प-पप्पा एवढंच व्हायचं, पण नंतर तोंड उघडं आणि आवाजच बाहेर नाही, डोळे घट्ट मिटतो, मान झटकतो, बघवत नाही हो. सासूबाईंचं एकच पालुपद, "व्हड जातकच बरो जातलो" (मोठा झाला की बरा होईल). आता गंमत म्हणजे त्यात तथ्य आहे, २ ते ५ वर्षांच्या वयात अडखळायला लागलेल्या मुलांपैकी बहुतेकांचं आपोआप थांबतं हे मॅडमनीच सांगितलं. फक्त कुणाचं थांबणार आणि कुणाचं राहणार हे आधी कुणालाच छातीठोक सांगता येत नाही, आणि मुलगा असेल (मुलींचं सुटायचं प्रमाण जास्त), घराण्यात असेल, सुरू होऊन वर्ष होत आलं असेल तर वाट बघत बसू नये. आमचं तिन्ही जुळलं. आधी कान तपासून या म्हणाल्या, ते आम्ही बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) करून घेतलं, कान ठीक निघाले.

मग चालू केला लिडकम प्रोग्रॅम, सिडनीत तयार झालेली पद्धत आहे, मुख्यतः ६ वर्षांखालच्या मुलांसाठी. यात थेरपी करायची आईने नाहीतर बाबांनी, घरी, रोज साधारण १५ मिनिटं, आणि क्लिनिकमध्ये आठवड्यातून एकदा जायचं ते आपण बरोबर करतोय का ते दाखवायला. पुस्तक बघत गप्पा मारायच्या, सरळ बोलला की लगेच "वा, किती छान सरळ बोललास", आणि खूप वेळा कौतुक केल्यावर मधेच कधीतरी "तो शब्द जरा अडकला ना" एवढंच. रोज रात्री ० ते ९ मध्ये मार्क द्यायचे, ० म्हणजे अडखळणं नाहीच. हे मार्क फार कामाचे, कारण तोतरेपणा स्वतःहूनच वरखाली होतो, चवथीला घरात पाहुणे भरले की वाढतो, नंतर उतरतो, आणि कागदावर लिहिलेलं नसेल तर आपण एका वाईट दिवसावरून सगळं फुकट गेलं म्हणून मोकळे. "हळू बोल, श्वास घे, परत म्हण" हे मात्र सगळ्या घराला बंद, शेजारच्या काकींना सुद्धा. आता आमचे मार्क बहुतेक दिवस १-२ असतात, महिने गेले त्यात, पंधरा दिवसांत बरा करून देतो म्हणणारा कुणी भेटला तर तिथून उठून या.

भाषेचं वेगळं लिहिते कारण गोव्यात हे सगळ्यांचं दुखणं आहे. आजीशी कोंकणी, माझ्याशी मराठी, केजीत इंग्रजी आणि कार्टून हिंदीत. इथे येण्याआधी एके ठिकाणी आम्हाला सांगितलं होतं की घरात फक्त इंग्रजी बोला, जास्त भाषांनी गोंधळतो म्हणून अडखळतो. इथल्या मॅडम म्हणाल्या, दोन-तीन भाषांमुळे तोतरेपणा होत नाही, आजीची कोंकणी अजिबात तोडू नका. एवढ्यासाठीच मी इथे टिकले.

फीडिंगसाठी, म्हणजे खाण्याच्या तक्रारीसाठी, माझी नणंद तिच्या दोन वर्षांच्या मुलीला घेऊन येते. पेज, दूध आणि बिस्किट, बाकी काही दाखवलं की उलटी. इथे पण तोच प्रकार, डबा घरून आणा आणि तुम्ही कसं भरवता ते दाखवा. मोबाईल लावून घास कोंबणं पहिल्या दिवशी बंद, पाय टेकतील अशी खुर्ची, दिवसभर चाललेल्या दुधाच्या बाटल्या कमी केल्या म्हणजे भूक तरी लागेल, आणि नियम असा की काय आणि कधी द्यायचं ते आईने ठरवायचं, किती खायचं ते पोरीने. नवं काही असेल तर आधी नुसतं ताटात, मग हात लावणं, वास, चाटणं, खाणं सगळ्यात शेवटी. बिस्किट कुरकुरीत आवडतं ना, मग त्याच्याजवळचं कांकण (बांगडीसारखा कडक पाव), मग कडक भाजलेल्या पोईचा (गोव्याच्या पावाचा) कडेचा तुकडा, मग रवा लावून तळलेल्या इसवणीची (सुरमईची) साल. इसवणीपर्यंत पोचलीय! हुमणाला (माशाच्या आमटीला) अजून तोंड वाकडं. आणि हो, सुरू करण्याआधी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं होतं, बद्धकोष्ठ किंवा रक्त कमी असलं तरी मुलं जेवत नाहीत. पाणी पिताना खोकला येतो, छातीत सारखा कफ होतो असं असेल तर ते लपवू नका, गिळण्यात काही गडबड नाही ना ते आधी बघावं लागतं.

स्टार कापला तो रिसेप्शनसाठी. फोन उचलतच नाहीत. जिना उभा, लिफ्ट नाही, झोपलेलं पोर खांद्यावर घेऊन चढून बघा. रिपोर्ट फक्त इंग्रजीत, सासूबाईंना काय कळणार, घरी तर त्याच सांभाळतात त्याला. फी पण हलकी नाही, पहिल्या तपासणीची वेगळी. मॅडमचा आरसीआयचा (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा) नोंदणी नंबर भिंतीवर लावलाय, दुसरीकडे जाणार असाल तर तो विचारा, बिनडिग्रीचे पण बोर्ड लावून बसलेत हल्ली.

अपॉइंटमेंट व्हॉट्सअ‍ॅपवरच मागा. दुपारी एक ते चार बंद असतं, आणि शुक्रवारचा स्लॉट घेऊ नका, बाजारामुळे गाडी लावायला जागा मिळत नाही, कदंबच्या बसने आलात तर हरकत नाही.