मुंबईच्या ओल्या वाळूवर हायब्रिड मेटल डिटेक्टर: पावसाळ्याआधीपासून आजपर्यंतचा अनुभव

मुंबईच्या किनाऱ्यावर मेटल डिटेक्टर चालवणाऱ्याला खारे पाणी आणि काळी वाळू या दोन अडचणी एकाच जागी भेटतात. आपल्याकडचा खडक बेसॉल्ट असल्यामुळे त्याच्या झिजेतून आलेले लोहखनिजाचे काळे कण वाळूत मिसळलेले असतात. जुन्या स्पीकरमधले चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून अक्सा किनाऱ्याच्या ओल्या पट्ट्यावर फिरवले, तर पिशवीला बाहेरून काळ्या मिशा फुटतात. कोरड्या वाळूवर नीट चालणारे यंत्र याच पट्ट्यावर आले की अखंड किरकिरू लागते. ही किरकिर कमी व्हावी म्हणूनच मी पावसाळ्याआधी हायब्रिड, म्हणजे दोन शोधपद्धती एकत्र करणारे, यंत्र घेतले. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे लिहिले आहे ते बहुतांशी या रचनेबद्दल आहे.

साधे व्हीएलएफ (अतिशय कमी वारंवारितेचे) यंत्र एकाच वारंवारितेची लहर सतत सोडते आणि परत येणाऱ्या लहरीच्या कलेवरून (फेज, म्हणजे लहर किती मागेपुढे सरकली त्यावरून) धातू ओळखते. त्यातला ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीचा प्रतिसाद गप्प करणारी जुळणी, एका वेळी एकच गोष्ट गप्प करू शकतो. तो काळ्या वाळूवर बसवला तर खारे पाणी ओरडते आणि पाण्यावर बसवला तर काळी वाळू. मल्टी फ्रिक्वेन्सी यंत्रांनी यावर तोडगा काढला. खाऱ्या पाण्याचा प्रतिसाद वारंवारितेबरोबर वाढतो, खनिजाचा फारसा बदलत नाही, त्यामुळे दोन वारंवारितांचे गणित मांडून दोन्ही वजा करता येतात. फिशर कंपनीच्या सीझेड मालिकेत 5 आणि 15 किलोहर्ट्झ अशा दोन वारंवारिता होत्या, आणि 2018 साली आलेल्या माइनलॅब कंपनीच्या इक्विनॉक्स यंत्राने ही सोय मधल्या किमतीत आणली. मात्र या वजाबाकीला किंमत मोजावी लागते. ज्या वस्तूचा प्रतिसाद मिठाच्या पाण्यासारखाच असतो, तीही पाण्याबरोबर वजा होते, आणि बारीक सोने नेमके त्याच जागी बसते.

पल्स इंडक्शनची वाट वेगळी. कॉइलमध्ये, म्हणजे वाळूवर फिरवायच्या तारेच्या वेटोळ्यात, विजेचा जोराचा झटका द्यायचा, प्रवाह एकदम तोडायचा आणि मग ऐकायचे. खाऱ्या पाण्यातला प्रवाह काही मायक्रोसेकंदांत विरतो, त्यामुळे साधारण 10 मायक्रोसेकंदांनी ऐकायला सुरुवात केली की समुद्राचा बराचसा त्रास मिटतो. अडचण अशी की ही पद्धत खिळा आणि अंगठी यांत जवळजवळ भेद करत नाही. माझे हायब्रिड यंत्र झटका चालू असतानाही ऐकते आणि तुटल्यावरही. चालू असतानाच्या प्रतिसादावरून लोखंडाचा चुंबकीय स्वभाव कळतो आणि तुटल्यानंतरच्या प्रतिसादावरून खोली मिळते. झटका चालू असताना ऐकायचे तर पाठवणारी आणि ऐकणारी वेटोळी वेगळी, एकमेकांना तोलून बसवलेली असावी लागतात. म्हणून या यंत्राला एकाच वेटोळ्याची मोनो कॉइल चालत नाही, दोन वेटोळ्यांची डीडी कॉइलच लागते, आणि त्याच मापाच्या मोनो कॉइलपेक्षा खोली थोडी कमी मिळते. विक्रेते हे सहसा सांगत नाहीत.

प्रत्यक्ष वापरात पहिला फरक शांततेचा जाणवला. उधाणाच्या दिवसांत ओहोटीला पाणी दूर जाते, तेव्हा उघड्या पडलेल्या पट्ट्यावर जुने मल्टी फ्रिक्वेन्सी यंत्र संवेदनशीलता निम्म्यावर आणल्याशिवाय चालत नसे. हे यंत्र जवळजवळ पूर्ण संवेदनशीलतेवर एकसंध, मंद आवाज देत राहते, आणि जड पुरुषी अंगठी जुन्या यंत्रापेक्षा वीतभर खोलवरून सांगते. पुरुषी अंगठी मुद्दाम म्हटले. काळ्या वाळूचा लांबत जाणारा प्रतिसाद काढून टाकण्यासाठी यंत्र लवकरच्या आणि उशिराच्या अशा दोन नमुन्यांची वजाबाकी करते. त्या वजाबाकीत एका ठरावीक गतीने विरणाऱ्या वस्तू शून्यावर येऊन नाहीशा होतात. त्याहून लवकर विरणाऱ्या वस्तू उंच सुरात बोलतात, सावकाश विरणाऱ्या खालच्या सुरात. घरातली नाजूक अंगठी आणि दहा रुपयांचे नाणे यामुळेच दोन वेगळ्या सुरांत येतात, आणि मधल्या एका मापाची अंगठी उथळ पुरली तरी कुजबुजते. ग्राउंड बॅलन्स किंचित सरकवला की ती परत बोलू लागते. त्यामुळे आशेची जागा असेल तर मी तोच पट्टा दोन वेगवेगळ्या बॅलन्सवर चालतो.

साखळीच्या बाबतीत मात्र अपेक्षा आवरून ठेवावी. बारीक साखळीतल्या कड्या एकमेकींना नुसत्या टेकलेल्या असतात, त्यामुळे विजेच्या दृष्टीने ती एक वस्तू न राहता असंख्य चिमुकल्या वस्तू होतात आणि त्यांचा प्रतिसाद ऐकायला सुरुवात होण्याआधीच विरतो. किनाऱ्यावर हरवलेले मंगळसूत्र शोधून देण्याची विनंती अनेकदा येते. तेव्हा मी आधी विचारतो की वाट्या केवढ्या होत्या. कारण यंत्राला सापडतात त्या वाट्या. काळे मणी आणि त्यांतून गेलेली तार त्याच्या लेखी जवळपास नसतातच. वाटीचा गोल काठ सलग असल्यामुळे तिच्यात प्रवाह फिरतो. वाट्या नसलेले, नुसत्या बारीक साखळीचे आधुनिक मंगळसूत्र असेल, तर मी हे यंत्र घरी ठेवून जुने नेतो आणि कोरड्या वाळूपुरतीच आशा दाखवतो.

लोखंड ओळखण्याची खरी परीक्षा अनंत चतुर्दशीनंतर झाली. विसर्जनानंतरच्या आठवड्यांत जुहूच्या वाळूत मूर्तींच्या सांगाड्याच्या तारा, मखराचे खिळे आणि चुका यांचा खच असतो, आणि निव्वळ पल्स यंत्र घेऊन तिथे उतरणे म्हणजे दिवसभर खड्डे खणणे. हायब्रिड यंत्राने उथळ खिळे विश्वासाने वगळले. खोल गेलेल्या लोखंडाबाबत त्याचा निर्णय डळमळतो, आणि बाटलीची गंजकी बुचे अजूनही बरी वस्तू असल्याचा आव आणतात. एक आणि दोन रुपयांची हल्लीची नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलची असल्याने लोखंडासोबत तीही वगळली जातात, ज्याचे मला मुळीच दुःख नाही. ॲल्युमिनियमचे जुने पाच आणि दहा पैसे मात्र छान बोलतात.

शहरी विजेचा त्रास या यंत्राला जास्त आहे. गिरगाव चौपाटीवर संध्याकाळी चॅनल बदलूनही ते स्थिर होत नाही. पहाटे तेच यंत्र तिथे बरे वागते. झटक्यांना प्रवाह भरपूर लागतो, त्यामुळे बॅटरी जुन्या यंत्राच्या निम्म्याने पुरते. वजनाने खांदा भरून येतो, हेही खरे.

किनाऱ्यावर लोक जमतात आणि 'दादा, काय सापडतंय का?' हे विचारल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. ते चालायचेच. पण 1878 चा निखात निधी (जमिनीत दडलेले धन) कायदा अजून लागू आहे आणि जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, हे नवीन खरेदीदाराने माहीत करून घ्यावे. किल्ल्यांच्या आणि संरक्षित स्मारकांच्या परिसरात तर यंत्र बाहेरही काढू नये.

मोठी तक्रार मात्र एकच. पावसाळ्यातच कॉइलच्या केबलच्या जोडात खारे पाणी शिरले. जलरोधक म्हणून विकलेल्या यंत्राचा जोड हिरवा पडल्यावर कंपनीने ते स्वखर्चाने परदेशी पाठवायला सांगितले. शेवटी लॅमिंग्टन रोडवरच्या एका कारागिराने जोड कापून नवा बसवला, त्यावर सिलिकॉन भरले आणि तेव्हापासून कुरकुर नाही, मात्र वॉरंटी गेली. केवळ कोरड्या वाळूत किंवा शेतात वापरायचे असेल तर या पैशांत चांगले मल्टी फ्रिक्वेन्सी यंत्र आणि वर एक जादा कॉइल येते, तेच घ्यावे. ओल्या काळ्या पट्ट्यावर जड दागिना शोधायचा असेल तर हे घ्यावे, पण पैसे देण्यापूर्वी केबलचा जोड सुटा मिळतो का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.