पहिल्या डॉक्युमेंटरीचं पिच: कोलकाता, गोवा की ॲमस्टरडॅम?

समजा, तुमची फिल्म बीडहून उसाच्या फडावर जाणाऱ्या एका जोडप्यावर आहे. मुकादमाकडून उचल घेतलेली, म्हातारी आणि धाकटी पोर गावात मागे. एका हंगामाचं फुटेज आहे, तीन मिनिटांचा ट्रेलर आहे आणि पैसे संपलेत. पिच, म्हणजे पैसे देऊ शकणाऱ्यांसमोर फिल्मची मांडणी, कुठे करायचं?

पहिलीच फिल्म असेल तर मी डोळे झाकून कोलकात्याचं नाव घेईन. डॉकएज कोलकाता या डॉक्युमेंटरीच्या पिचिंग मेळाव्यात पिचच्या आधी काही दिवस देशी-परदेशी मार्गदर्शक तुमच्याबरोबर बसतात. तुम्ही सांगितलेली गोष्ट उसवतात आणि पुन्हा शिवायला लावतात. ‘हे जोडपंच का? कॅमेरा नसता तर त्यांनी काय केलं असतं?’ असल्या प्रश्नांना उत्तर नसेल, तर ते तिथेच कळलेलं बरं. चेक घेऊन परतू, या आशेने मात्र जाऊ नका.

गोव्यातला फिल्म बाजार (आताचा वेव्हज फिल्म बाजार) एनएफडीसीने (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने) २००७ साली सुरू केला. तो इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्याच दिवसांत भरतो. तिथे भेटीगाठी भरपूर होतात, पण बाजारावर वर्चस्व कथापटांचं. डॉक्युमेंटरीला जागा मिळते, तरी रफ कट (फिल्मचं कच्चं संकलन) हातात असल्याशिवाय गर्दीत हरवायला होतं. मुंबईच्या मिफ या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातही २०२४ साली डॉक फिल्म बाजार भरला होता. मुंबई-पुण्याच्या माणसाला तो खिशाला परवडणारा.

ॲमस्टरडॅमच्या इड्फा या डॉक्युमेंटरी महोत्सवाला दोन दारं आहेत आणि लोक हटकून चुकीचं दार ठोठावतात. एक फोरमचं, म्हणजे पिचिंगच्या व्यासपीठाचं: सात मिनिटं बोला, मग समोर बसलेल्या वाहिन्यांच्या कमिशनिंग एडिटरांचे (कोणत्या फिल्मला पैसे द्यायचे ते ठरवणाऱ्यांचे) प्रश्न झेला. थोडा निधी आणि मुरलेला निर्माता सोबत नसेल तर तिथे टिकणं कठीण. दुसरं दार इड्फा बर्था फंडाचं. हा फंड आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका, मध्यपूर्व आणि पूर्व युरोपच्या काही भागांतल्या दिग्दर्शकांसाठी आहे. त्याच्या ‘क्लासिक’ विभागाला युरोपीय सहनिर्माता लागत नाही, ‘युरोप’ विभागाला लागतो. सगळं काम लेखी अर्जावर. ज्याला इंग्रजीत फाडफाड बोलता येत नाही पण अर्ज नीट लिहिता किंवा लिहून घेता येतो, त्याने आधी इथे यावं.

आता खरी अडचण. परदेशी टेबलावर ‘बीड’ म्हटलं की पुढचा प्रश्न ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा येतो. त्या बातम्या खऱ्या आहेत आणि गंभीरही आहेत. पण तुमची फिल्म नवरा-बायकोच्या भांडणावर आणि न फिटणाऱ्या उचलीवर असेल, तर निधीच्या मोहाने पिच वळवू नका. मग एडिटला बसल्यावर दोन फिल्मा हातात येतात आणि एकही धड होत नाही. सर्वनिक कौर यांची ‘अगेन्स्ट द टाइड’ मुंबईच्या दोन कोळी मित्रांची गोष्ट सांगते. बदलता समुद्र त्यात आहेच, पण तो मैत्रीच्या आतून येतो. २०२३ साली सनडान्समध्ये तिला विशेष ज्युरी पुरस्कार मिळाला. म्हणजे असं पिचही खपतं.

पैशाचं एक कंटाळवाणं काम उरतं. परदेशी अनुदान कोणाच्या खात्यात, कोणत्या स्वरूपात येणार, हे अर्जाआधी सीएला विचारा. एफसीआरएचा (परदेशी देणग्यांवरच्या कायद्याचा) घोळ निवड झाल्यावर निस्तरायला गेलात तर महिने जातात.

आणि कॅलेंडर बघा. गोव्याचा बाजार नोव्हेंबरात, इड्फाही नोव्हेंबरात, आणि उसाचा गाळप हंगाम नेमका तेव्हाच सुरू होतो. टोळी फडावर उतरत असताना तुम्ही गोव्यात मिरामारला व्हिजिटिंग कार्ड वाटत असाल, तर कोपी (फडावरची झोपडी) उभी राहतानाचा पहिला दिवस गेला. तो पुढच्या वर्षीशिवाय मिळत नाही. म्हणून या जोडप्याच्या बाबतीत मी बर्थाचा अर्ज लिहीन, कोलकात्याला नाव पाठवीन, आणि दसरा झाला की मुकादमाला फोन लावीन: गाडी कधी भरताय?