‘टाकीतच जन्मलेला’ म्हणून विकलेला एलिफंट नोज

पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत, नायजरपासून काँगोपर्यंतच्या नद्यांत राहणारा एलिफंट नोज हा मासा घरी पाळावा, अशी माझी अनेक वर्षांची इच्छा होती. ती ओळखून एका विक्रेत्याने मला तीन मासे खोटी माहिती देऊन विकले आणि त्यांतले दोन अकरा दिवसांत मेले. पैसे गेल्याचे दुःख आहेच, पण त्याहून अधिक सल या गोष्टीचा आहे की त्याने सांगितलेले प्रत्येक विधान मला पैसे देण्यापूर्वी तपासता आले असते. हा मासा घेण्याच्या विचारात असलेल्यांनी तरी ते तपासावे, म्हणून हे लिहीत आहे.

सगळा व्यवहार फोनवरच झाला. मासे टाकीतच जन्मलेले आहेत, कोरडे पेलेट खातात, बोटभर लांबीनंतर त्यांची वाढ थांबते आणि तीन फुटी टाकीत तिघे गुण्यागोविंदाने राहतात, असे त्याने मला खात्रीने सांगितले. यातले एकही विधान खरे नव्हते. संशोधकांनी प्रयोगशाळेत पावसाळ्यासारखी स्थिती निर्माण करून या कुळातल्या काही जातींची पैदास केली आहे. पण एलिफंट नोजची व्यापारी पैदास होत नाही आणि बाजारात येणारे मासे नदीतून पकडलेलेच असतात. टाकीत तो सहज वीतभर होतो, निसर्गात त्याची लांबी 35 सेंटिमीटरपर्यंत नोंदली गेली आहे. शिवाय दोन-तीनच मासे एकत्र ठेवले, तर त्यांतला सबळ मासा उरलेल्यांच्या सतत मागे लागतो.

माझा विश्वास बसला तो त्याने पाठवलेल्या चित्रफितीमुळे. तिच्यात एक भरल्या पोटाचा मासा हातातून टाकलेले दाणे टिपत होता. तो त्याचाच मासा आहे का, हे मी विचारले नाही. तीच चित्रफीत, टाकीतल्या त्याच लाकडासह, दुसऱ्याच एका विक्रेत्याच्या जाहिरातीत मला नंतर दिसली.

पिशव्या उघडल्या तेव्हा तिन्ही मासे जिवंत होते आणि त्या समाधानात मी जे पाहायला हवे होते ते पाहिले नाही. त्यांची पोटे आत ओढलेली होती, डोक्यामागे पाठीचे मांस उतरून कणा धारेसारखा वर आला होता आणि एकाच्या सोंडेचे टोक तुटून तिथे पांढरट ठिपका उरला होता. आपण जिला सोंड म्हणतो ते नाक नसून हनुवटीची वाढ आहे. तिच्यावर विजेचे सूक्ष्म बदल टिपणारी असंख्य इंद्रिये असतात आणि तिच्याच आधारे हा मासा गढूळ पाण्यात, रात्रीच्या अंधारात, तळातल्या गाळात दडलेल्या कीटकांच्या अळ्या शोधतो. टोकदार खडीवर ठेवलेल्या माशाची सोंड सहज जखमी होते, म्हणून त्याला बारीक वाळूच लागते.

उपाशी एलिफंट नोज इतर माशांपेक्षा लवकर का खचतो, हे मला फार उशिरा कळले. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार या माशाच्या शरीराला लागणाऱ्या एकूण ऑक्सिजनपैकी सुमारे 60 टक्के ऑक्सिजन एकटा मेंदू वापरतो; माणसात हे प्रमाण सुमारे 20 टक्के आहे. असा मासा नदीतून पकडला जातो, पिशवीतले पाणी खराब होऊ नये म्हणून प्रवासाआधी उपाशी ठेवला जातो, आणि पुढे विक्रेत्याच्या टाकीत त्याच्यासमोर तो ओळखतही नाही असे कोरडे खाद्य पडते. माझ्याकडे पोचेपर्यंत ते तिघे किती दिवसांचे उपाशी होते, हे त्या विक्रेत्यालाच ठाऊक.

पेलेट तसेच पडून राहिलेले पाहून मी तिसऱ्या दिवशी गोठवलेले ब्लडवर्म (कीटकांच्या लाल अळ्या) आणले आणि दिवे मालवून ते नळीने थेट त्यांच्या लपण्याच्या पाइपाजवळ सोडले. सर्वांत मोठ्या माशाने ते खाल्ले. उरलेले दोघे जवळ आले की तो त्यांना हुसकावून लावी. त्यांच्यातला एक सहाव्या आणि दुसरा अकराव्या दिवशी गेला.

भरपाई मागितली तेव्हा विक्रेत्याने मला हमीची अट ऐकवली: पिशवी उघडल्यापासून दोन तासांत मासा मेला तरच पैसे परत. या अटीचा अर्थ मी पैसे देताना समजून घेतला नव्हता. उपाशी मासा दोन तासांत मरत नाही, तो आठवड्याने मरतो. त्यामुळे ज्या कारणाने हे मासे सर्वाधिक मरतात तेच कारण या हमीतून आपोआप वगळले जाते. टाकीतच जन्मलेले असल्याचा पुरावा मागितल्यावर त्याने फोन ठेवला आणि नंतर कधीच उचलला नाही.

तिसरा मासा जगला. एका जाणकार मित्राने बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या ॲम्प्लिफायरला जोडलेल्या दोन तारा पाण्यात सोडल्या, तेव्हा शेपटीच्या मुळाशी असलेल्या विद्युत अवयवातून निघणारे त्याचे क्षीण स्पंद टिकटिक असे ऐकू आले. तो पाइपात स्वस्थ असताना ती टिकटिक संथ होती आणि ब्लडवर्म पाण्यात पडताच ती इतकी दाट झाली की एकेक ठोका वेगळा ऐकू येईना. हा आवाज ऐकताना गेलेल्या दोघांची आठवण मला फार तीव्रतेने झाली.

आता कोणी विचारले तर मी सांगतो की मासा स्वतः जाऊन बघा, वरून पाहताना त्याची पाठ भरलेली दिसते का ते पाहा आणि तोच मासा तुमच्यासमोर ब्लडवर्म खात नाही तोपर्यंत एक पैसाही देऊ नका. जाणे शक्यच नसेल, तर त्या दिवसाची तारीख लिहिलेला कागद टाकीच्या काचेवर चिकटवून खातानाची नवी चित्रफीत मागा. मी नाव न सांगता त्याच विक्रेत्याकडे दुसऱ्या क्रमांकावरून अशी मागणी केली, तेव्हा त्याने पुन्हा तीच जुनी चित्रफीत पाठवली.