वर्तुळ चुकीच्या जागी आहे: कंपाउंड धनुष्य आणि फोमचं हरण, एक पावसाळा काढल्यावर

गेल्या आठवड्यात माझ्या सरावाच्या फोमच्या हरणाचा गाभा, म्हणजे बाण झेलणारा मधला बदलता भाग, फाटला. बाण ओढला तर मुठीएवढा फोम त्याला चिकटूनच बाहेर आला. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘तुम्ही ब्रॉडहेड मारले असणार, वॉरंटी लागू नाही.’ माझ्याकडे ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीची पात्यांची टोकं, नाहीतच. फील्ड पॉइंटचं, म्हणजे सरावाच्या साध्या टोकाचं, भोक गोल पडतं, पात्यांचं चिरलेलं दिसतं, आणि फोटोत सगळी भोकं गोल आहेत. हे लिहून लिहून कंटाळलो. शेवटी नवा गाभा पदरच्या पैशांनी मागवला. धनुष्याच्या किमतीच्या मानाने रक्कम मोठी नाही, पण दोष त्यांच्या मालाचा आणि भुर्दंड मला, हे पटत नाही. ते भांडण चालूच राहील. या हरणाची खरी खोट मात्र वेगळीच आहे, आणि ती कुठल्याही जाहिरातीत सापडणार नाही.

आधी एक गोष्ट, कारण विचारणारे बरेच असतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे आपल्याकडे हरणाची शिकार गुन्हा आहे. गोव्यातल्या मोले, खोतीगाव, म्हादईच्या रानातले मेरू (सांबर), चितळ, भेकर तिथेच सुखात राहोत. माझा नेम फोमवर, सावई-वेऱ्याच्या कुळागरात (सुपारीच्या बागेत), मागे चिऱ्याची उंच दरड असलेल्या जागी, आणि कामाची माणसं घरी गेल्यावरच. शिकारीचं जे काही पुढे लिहितोय ते पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या भावोजींकडून शिकलोय. ते दर हंगामात परवाना काढून धनुष्याने हरीण मारतात आणि त्याबद्दल अतिशय कडक आहेत.

धनुष्याबद्दल थोडक्यात. ८० टक्के लेट-ऑफमुळे, म्हणजे शेवटी कप्प्यांमुळे कमी होणाऱ्या ओढीमुळे, ६० पौंडांचं धनुष्य पूर्ण ताणल्यावर बोटांवर १२ पौंडच राहतात, हे सगळ्यांना माहीत आहे. गोव्याच्या हवेबद्दल मात्र कोणी सांगत नाही. मिरगानंतर स्क्रूंच्या डोक्यांवर तांबूस पूड दिसायला लागली. आता दर वापरानंतर सुक्या फडक्याने पुसून तेलाचं बोट फिरवतो, दोरीला मेण लावतो आणि धनुष्य कपाटात ठेवतो. बंद गाडीत उन्हात कधीच ठेवू नका, लिंब, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पट्ट्या, खराब होतात. कार्बनचा बाण दर वेळी कानाशी धरून वाकवून बघा. करकर ऐकू आली तर तो मोडून टाका, कारण तडा गेलेला बाण सुटताना फुटला की कपच्या हातात घुसतात. बाणाला फोम चिकटू नये म्हणून टोकाकडच्या वीतभर भागावर अंगाचा कोरडा साबण चोळतो. महागड्या बाटलीची गरज नाही.

आता वर्तुळ.

फोमच्या हरणाच्या अंगावर गुणांची वर्तुळं साच्यातच कोरलेली येतात. ती पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या भागावर असतात. हरीण अगदी आडवं, म्हणजे कूस आपल्याकडे करून, उभं असेल तर ही जागा बरोबर आहे. पुढच्या पायाच्या मागच्या रेषेत, पोटापासून एक तृतीयांश उंचीवर बाण लागला की दोन्ही फुप्फुसं छेदली जातात, आणि असं हरीण काही सेकंदांत कोसळतं. एप्रिलमध्ये हा अनुभव लिहिला असता तर हरणाला पाच तारे दिले असते.

मग चवथीला भाचा आला. त्याने मजेखातर हरीण फिरवून ठेवलं, तोंड पलीकडे, मागचा भाग थोडा माझ्याकडे. मी सवयीने वर्तुळाच्या मधोमध बाण लावला. पूर्ण गुण! बाणाच्या पिसांकडून डोळा लावून पाहिलं तर बाणाची रेषा पलीकडच्या खांद्याच्याही पुढून बाहेर पडत होती. खऱ्या जनावरात एकच फुप्फुस, तेही कडेला. असं हरीण मैलभर पळतं आणि कुठेतरी झाडोऱ्यात तडफडत मरतं. भावोजींना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं: ‘बाण आत कुठून जातो ते बघू नकोस, पलीकडून कुठे निघतो ते बघ.’

म्हणजे तिरप्या हरणावर नेम पलीकडच्या पुढच्या पायावर धरायचा. तसा धरला की बाण शेवटच्या बरगड्यांजवळून आत शिरतो, आणि या हरणावर त्या जागी आठ किंवा पाच गुण आहेत. बरोबर बाणाला कमी गुण, चुकीच्याला जास्त. समोर तोंड करून उभं केलेलं हरीणसुद्धा इथे गुण देतं. खऱ्या हरणाच्या बाबतीत समोरून किंवा मागून बाण सोडायचाच नसतो. पुढून खांद्याचं हाड आडवं येतं, मागून आतडी फाटतात. आतडी फाटलेलं हरीण तासन्‌तास जिवंत राहतं, म्हणून त्याच्या मागे लगेच धावत नाहीत, सहा-आठ तास थांबतात. बाणावरचं रक्त गुलाबी आणि फेसाळ असलं की फुप्फुस, काळपट असलं की यकृत, हिरवट आणि घाण वासाचं असलं की आतडी. हे सगळं ज्या एका वर्तुळातून शिकायचं, तेच नवशिक्याला उलटं शिकवतंय. मला याचा राग गाभ्यापेक्षा कितीतरी जास्त आहे.

वर्तुळांवर खडूचा जाड थर देऊन ती बुजवली. दोन्ही कुशींवर फुप्फुसांचा आकार काढला, आणि आता बाण रुतला की त्याच्या रेषेत कामटी धरून पलीकडच्या खुणेशी ताडतो. भाचा हरीण फिरवतो, मी पाठ करून उभा राहतो, वळलो की ठरवायचं. बाण न सोडण्याचा निर्णय बरोबर असेल तर पूर्ण गुण. ‘मामा, आता नाही ना?’ असं तो स्वतःच विचारायला लागलाय. ३डी, म्हणजे अशा फोमच्या जनावरांवरच्या, स्पर्धा भरवणाऱ्यांनी हा नियम घेतला तर मला फार बरं वाटेल.

वेगाबद्दलचं मतही बदललं. घेताना सेकंदाला किती फूट एवढंच पाहिलं होतं. आता हिशोब असा मांडतो: हरीण ३० यार्डांवर, म्हणजे २७ मीटर. बाण सेकंदाला ८० मीटर गेला तरी त्याला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. दोरीचा आवाज ०.०८ सेकंदात पोचतो. उरलेल्या पाव सेकंदात दचकलेलं हरीण पळण्यासाठी आधी पाय दुमडून खाली बसतं आणि बाण पाठीवरून किंवा मणक्याजवळ जातो. कुठलंही धनुष्य आवाजाच्या पुढे जात नाही. म्हणून भावोजी २५ यार्डांपुढे बाण सोडत नाहीत, आणि मान वर करून कान टवकारलेल्या हरणावर तर अजिबात नाही. त्यांचा बाण ४२० ग्रेनचा, साधारण २७ ग्रॅम, पुढे न उघडणारी घट्ट पाती, केस कापतील इतकी धारदार. बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही, रक्तस्रावाने मारतो. धार गेली की जनावराचे हाल वाढतात. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत हरणासाठी धनुष्याच्या ताणाची ३५-४० पौंडांची किमान अट आहे, त्यामुळे ७० पौंडांच्या मागे धावून खांदा दुखवून घेण्यात अर्थ नाही. मीही ५२ वर आणलं. बाण जड घेतले, आवाज दबला, हात स्थिर झाला.

घेणाऱ्यांसाठी: गाभा सुटा मिळतो का हे आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. पावसाळ्यात हरीण पडवीत उचलून ठेवा, माझ्या फोमने भोकांतून पाणी धरलं आणि आतून बुरशी आली, गाभा बहुधा त्यानेच कमजोर झाला. धनुष्याला साडेचार तारे. हरणाला दोन, आणि त्यांनी वर्तुळं न कोरता कोरं हरीण विकायला काढलं तर मी त्याच किमतीला दुसरं घेईन.