भाड्याची दलाली की नव्या प्रकल्पांची विक्री?

पुण्यात इस्टेट एजंट म्हणून उतरायचं तर आधी हे ठरवावं लागतं. भाड्याच्या धंद्यात पैसा लवकर सुटतो. करार झाला, चाव्या दिल्या की दलाली हातात, बहुतेकदा एका महिन्याच्या भाड्याइतकी. तिच्यावरही घासाघीस होतेच! वर कटकटी फार: अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे भाडेकराराची, नोंदणी (१९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती सक्तीची आहे), पोलीस पडताळणी, ‘बॅचलर नकोत’ म्हणणाऱ्या सेक्रेटरीची मनधरणी आणि मे-जूनमध्ये दिवसभर गाडीवर.

नव्या प्रकल्पात बिल्डर टक्केवारी देतो. ६० लाखांच्या फ्लॅटवर २ टक्के धरले तरी १ लाख २० हजार. पण गिऱ्हाईक साइट बघतं, मग काकांना घेऊन येतं, वास्तू तपासतं आणि शेवटी गृहकर्जावर अडतं. त्यानंतर बिल्डरकडून बिल निघायची वाट. शिवाय महारेराची (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची) परीक्षा आणि नोंदणी हवीच.

माझ्या मते गाठीला सहा महिन्यांचा घरखर्च नसेल तर भाड्यापासूनच सुरुवात करावी. भाडेकरूंचे नंबर मात्र जपून ठेवा. त्यातलेच काही पुढे घर घ्यायला येतात.