बिलात १२ चॅनल, छतात ४ : लातूरच्या एका घरातली फसवणूक

लातूरला औसा रोडच्या बाजूच्या एका नव्या बंगल्यात सहा खोल्यांच्या छतात १२ स्पीकर बसवले. बिलात लिहिलं होतं : १२ चॅनलचा (म्हणजे आवाजाच्या १२ स्वतंत्र वाटांचा) १२०० वॅटचा ॲम्प्लिफायर, १.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची दोन कोअर वायर, प्रत्येक स्पीकरला वेगळी. प्रत्यक्षात हॉलचा आवाज बंद केला की देवघराचाही बंद व्हायचा, आणि वीस मिनिटांत ॲम्प गप्प. बसवणाऱ्यानं "तुमच्याकडं लाइट डीम येते" म्हणून वर एक स्टॅबिलायझर गळ्यात मारला. आपल्याकडं उन्हाळ्यात लाइट खरंच डीम येते, म्हणून हे कारण लगेच पटतं.

रॅक भिंतीपासून ओढल्यावर ॲम्पच्या मागे स्पीकरच्या टर्मिनलच्या जोड्या निघाल्या चारच. १२ चॅनलला १२ जोड्या, म्हणजे २४ टर्मिनल पाहिजेत. पैसे देण्याआधी तेवढे मोजाच. इथं एकेका जोडीवर तीन-तीन स्पीकर पॅरलल होते. ८ ओहमचे तीन पॅरलल म्हणजे २.६७ ओहम, आणि ॲम्पच्या पाठीवर छापलं होतं किमान ४. करंट दीडपट ओढला जातो, ॲम्प तापतो आणि आतलं प्रोटेक्शन (जळण्यापासून वाचवणारं सर्किट) त्याला बंद करतं. स्टॅबिलायझरचा यात काडीचा संबंध नाही. पाठीवर फ्यूज होता २ अँपिअरचा. २३० गुणिले २ म्हणजे ४६० वॅट. जो डबा एवढीच वीज आत घेतो तो सलग १२०० वॅट बाहेर कुठून देणार? पीएमपीओचा (क्षणभराच्या ताकदीचा, फुगवलेला) आकडा सोडून द्या, आरएमएस (सलग देता येणारी ताकद) किती आणि किती ओहमवर, एवढंच विचारा.

वायरीत तर सरळ लूट होती. ब्लेडनं एक तार खरवडली तर वरून लाल, आतून पांढरी : ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. (कथिल चढवलेली खरी तांब्याची तार उलटी असते, वरून पांढरी, आतून लाल, तिला खोटी समजू नका.) जाडीही ०.७५ स्क्वेअर एमएमच. वरच्या बेडरूमपर्यंत २२ मीटर, जाऊन-येऊन ४४. बिलातल्या वायरीचा रोध साधारण अर्धा ओहम आला असता. या वायरीचा दीडच्या वर. शिवाय ही तार स्क्रूखाली दबते, हळूहळू सैल पडते, दोनदा वाकवली की तुटते. वायर घेताना बंडल हातात धरून बघा. १.५ ची दोन कोअर ९० मीटर असेल तर नुसतं तांबंच जवळपास २.४ किलो भरतं. तेवढ्याच जाडी-लांबीच्या मुलाम्याच्या वायरीतला धातू किलोभराच्या आसपास.

हे सगळं पीओपीचं छत बंद होण्याआधी धरता येतं. ॲम्पच्या टोकाला प्रत्येक जोडी सोडवून मल्टिमीटर लावा. ८ ओहमचा एक स्पीकर साडेसहा-सातच्या आसपास दाखवतो. दोन-सव्वादोन दिसलं तर एकाच वायरीवर तीन लटकवलेत. मग त्याच जोडीला १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा : कोणत्या खोलीत 'टक' वाजतं ते कळतं, आणि प्लसला प्लस जुळलं असेल तर स्पीकरचा कोन (पुढचा हलणारा पडदा) बाहेर येतो. एका खोलीतला एक स्पीकर उलटा जोडला तर ढोलकीचा घुमारच जातो. वायर वाचवायला दोन चॅनलची निगेटिव्ह एकत्र करून तीनच तारा ओढणारेही आहेत. ब्रिज आउटपुटच्या ॲम्पला (ज्यात निगेटिव्ह टर्मिनलवरही सिग्नल असतो) त्यानं आउटपुट जळतं. लाइटच्या वायरींच्या पाइपात स्पीकरची वायर घालू देऊ नका, फूटभर अंतर ठेवा. आणि उघड्या पाइपांचे फोटो काढून ठेवा, भांडायची वेळ आली की तेच कामाला येतात.

त्या घरात पीओपी न फोडता एवढंच जमलं : स्पीकर क्लिपा सोडवून खाली घेतले, प्रत्येकाला १०० व्होल्टचा लाइन ट्रान्सफॉर्मर (वायरीतले १०० व्होल्ट उतरवून स्पीकरला देणारा) जोडला, त्याचा टॅप, म्हणजे स्पीकरनं किती वॅट घ्यायचे ती निवड, ६ वॅटवर. १२ स्पीकरांचे ७२ वॅट, म्हणून १०० व्होल्ट आउटपुटचा १२० वॅटचा ॲम्प. स्पीकरमागे ०.०६ अँपिअरच करंट, त्यामुळे ती हलकी वायरही चालून गेली. खोलीखोलीत वेगळं गाणं मात्र पीओपी फोडल्याशिवाय होणार नाही.