वॅक्स केलेल्या गाडीसाठी लाल दोऱ्यांचा डस्टर: घ्यावा का, कोणता, आणि फिरवायचा कसा

रविवारी वॅक्स मारलं की सोमवारी सकाळी बॉनेटवर धूळ बसलेली असतेच. वॅक्समुळे धूळ बसायची थांबत नाही. ती चिकटून न राहता पृष्ठभागावर मोकळी बसते, एवढाच फरक पडतो. या मोकळ्या धुळीसाठीच मेण मुरवलेला सुती डस्टर बनवलेला आहे. या प्रकारातला मूळचा आणि सगळ्यात माहितीचा म्हणजे अमेरिकेतला 'कॅलिफोर्निया कार डस्टर'. लाल सुती दोऱ्यांचा दाट झुपका, दोऱ्यांत मुरवलेलं पॅराफिन मेण आणि लाकडी किंवा प्लास्टिकची मूठ. ॲक्सेसरीजच्या दुकानांत त्याच्यासारखे दिसणारे ढीगभर मिळतात. दोरे खरंच सुती असतील तर त्यातलेही काही चांगले निघतात.

ते ओळखायची युक्ती सोपी आहे. एक दोरा कापून चिमट्यात धरा आणि गाडीपासून लांब, मोकळ्यावर जाऊन पेटवा. सुती, मेणाचा दोरा मेणबत्तीच्या वातीसारखा जळतो आणि मागे भुसभुशीत राख राहते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी होतो. असा डस्टर कोरडा घासला की उलट स्थिर वीज तयार होते आणि गाडी आणखी धूळ ओढते. शिवाय काही दुकानदार साध्या डस्टरवर तेल फवारून 'वॅक्सवाला' म्हणून विकतात. बोटांत चोळल्यावर ओशटपणा हाताला लागून राहिला, तर तो घेऊ नका.

अस्सल डस्टरसुद्धा आणला की लगेच गाडीवर फिरवायचा नाही. नव्या दोऱ्यांत मेण जास्तीचं असतं. पिशवीतून काढून झटका, दोरे मोकळे करा आणि रद्दीच्या पेपरांच्या जाड थरावर एक-दोन दिवस पसरून ठेवा, मधे एकदा उलटा. पेपरवर तेलकट, फिकट गुलाबी डाग उमटतो. तो दिसला की समजायचं, हे सगळं नाहीतर बॉनेटवर गेलं असतं. डस्टरबद्दलच्या बहुतेक तक्रारी ('पट्टे उठतात', 'काळ्या गाडीवर ओशट ढग दिसतात') ही पायरी गाळल्यामुळे येतात. पट्टे आलेच तर घाबरायचं कारण नाही, स्वच्छ कोरड्या मायक्रोफायबरने हलकेच पुसले की जातात.

आता वापराचं. गाडी सावलीत, पत्रा हाताला थंड आणि पूर्ण कोरडा हवा. डिसेंबरात पुण्या-नाशकाकडे सकाळी टपावर दव असतं, त्यावर डस्टर फिरवला तर धुळीचा चिखल होतो आणि दोरेही खराब होतात. आधी गाडीपासून दूर उभं राहून डस्टर झटका. मग टप, बॉनेट, डिकी आणि शेवटी दारांचा वरचा अर्धा भाग, या क्रमाने जा. एकाच दिशेने, सरळ रेघेत ओढायचा. गोल फिरवायचा नाही, मागे-पुढे घासायचा नाही. प्रत्येक पॅनल झाला की पुन्हा झटका.

दाब मात्र शून्य. दोऱ्यांचं जेवढं वजन तेवढंच पत्र्यावर. आपल्याकडच्या रस्त्याच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतातच आणि त्यातल्या क्वार्ट्झची (वाळूतल्या मुख्य खनिजाची) कठीणता 1 ते 10 च्या मोहस मापात 7 आहे. रंगावरच्या क्लिअरकोटची, म्हणजे पारदर्शक संरक्षक थराची, जाडी साधारण 40-50 मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी. मनगट दाबलं की तेच कण कानसासारखे चालतात, आणि उन्हात कोळिष्टकासारख्या गोल रेघा दिसायला लागतात. डस्टर ओरखडे पाडतो की नाही यावर लोक भांडत बसतात, पण भांडण खरं हाताच्या वजनाचं आहे.

दाराच्या मोल्डिंगच्या (दारावरच्या आडव्या पट्टीच्या) खाली डस्टर न्यायचाच नाही. तिथे चाकांनी उडवलेली खडी-वाळू आणि वाळलेला चिखल असतो. रिम्सवरही नको, ब्रेकची लोखंडी भुकटी दोऱ्यांत शिरली की पुढच्या वेळी तीच बॉनेटवर जाते. काचेवर तर अजिबात नको. मेणाचा पातळ थर दिवसा दिसत नाही, पण रात्री समोरच्या हेडलाइटमध्ये आणि वायपरच्या पहिल्याच फेरीत दिसतो. काचांना वेगळं कापड आणि ग्लास क्लिनर ठेवा.

कबुतरांची शिट, झाडाचा चीक, पहिल्या पावसाचे वाळलेले थेंब ही डस्टरची कामं नाहीत. शिट ओल्या कापडाने दोन-चार मिनिटं भिजवून उचलायची. शेजारी बांधकाम चालू असेल आणि सिमेंटची भुकटी बसली असेल तर आधी भरपूर पाण्याने ती वाहून जाऊ द्या. कोकण-गोव्याकडची लाल माती थर धरून बसली असेल तरी आधी पाणीच. साधा नियम: बोटाने न चोळता नुसती फुंकर मारून धूळ हलते का बघा. हलली तर डस्टर, नाही तर धुलाई.

गाडीवर सिरॅमिक कोटिंग (वॅक्सऐवजी रंगावर बसवलेला कडक, टिकाऊ थर) असेल तर हा डस्टर घेऊ नका. मेणाचा थर बसून कोटिंगवरून पाणी घरंगळायचं कमी होतं. तिथे मायक्रोफायबरचा डस्टर बरा. मॅट रंगालाही मेण नको, चकाकीचे डाग पडतात.

वॅक्सचा खरा शत्रू मात्र धूळ नसून सोसायटीतला ओला फडका आहे. एका बादलीत आठ गाड्या. चौथ्या गाडीपर्यंत पाण्याचा रंग चहासारखा होतो, आणि तोच फडका टपावरून गोल गोल. गाडी पुसणाऱ्याला स्पष्ट सांगा, "दादा, बॉडीला हात नको, फक्त काचा आणि टायर." पगार तोच ठेवा, म्हणजे वाद होत नाही. बॉडीची धुलाई आठवड्याने-पंधरवड्याने, न्यूट्रल पीएचच्या कार शाम्पूने आणि दोन बादल्यांनी, एक शाम्पूची, एक मिट (धुवायचा मऊ हातमोजा) खळबळायची. भांड्याचा साबण वॅक्स उतरवतो. बोअरचं जड पाणी असेल तर गाडी उन्हात वाळू देऊ नका, पांढरे ठिपके पडतात. जाड टॉवेलने लगेच टिपून घ्या.

धूळ टाळायला कव्हर घालणाऱ्यांनीही जपावं. धुळीच्या गाडीवर कव्हर चढवलं की वारा त्याचाच पॉलिशपेपर करतो.

डस्टर धुवायची घाई नको. मळका दिसतो म्हणून धुतला की मेण जातं आणि राहतो नुसता मॉप. जोरात झटकणं पुरे. अगदीच गच्च झाला तर गार पाण्यात, सौम्य साबणाने, हाताने धुऊन सावलीत टांगा. वॉशिंग मशीन, गरम पाणी नको. झटकूनही दोऱ्यांचे चिकट गठ्ठे सुटत नसतील, किंवा डस्टर एकदा जमिनीवर पडून वाळू शिरली असेल, तर तो घरातल्या पंख्यांना द्या आणि गाडीला नवा आणा.

ठेवायचा कुठे, हेही बघा. काही पॅराफिन मेणं 50 अंशांच्या आतच वितळायला लागतात, आणि मे महिन्यात उन्हात बंद उभी गाडी तेवढी सहज तापते. सीटवर टाकलेल्या डस्टरचा तेलकट नकाशा सीट कव्हरवर उमटतो आणि तो निघता निघत नाही. डिकीत, त्याच्याच पिशवीत, खाली पेपरची घडी घालून ठेवा.